डिअरफील्ड : माळावरचे नाहीसे झालेले गाव

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहून द्या, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. एखादी पाककृती नाहीतर यात्रेचे वर्णन, याखेरीज माझ्याजवळ देण्यासारखे काय असणार? परंतु मागच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेले असताना एक ओसाड गाव पाहिले, आणि ते काही केल्या मनातून जात नाही. तेव्हा त्या गावाचीच हकीकत भगिनींपुढे ठेवते.

माझी मुलगी कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरी असते. तिकडे जाणारे लोक पश्चिमेचे बर्फाचे डोंगर पाहतात. आम्हीही पाहिले. पण एका रविवारी जावयांनी मोटार उलट्या दिशेला, पूर्वेच्या सपाट मुलखात घातली. ग्रीली हे शहर मागे टाकून सुमारे चाळीस किलोमीटर गेल्यावर हमरस्त्याच्या कडेला दोनतीन मोडकळीला आलेली लाकडी घरे आणि माहितीचा एक फलक दिसला. "आई, हेच डिअरफील्ड," मुलगी म्हणाली. मी खाली उतरले. खुरटे गवत, भुसभुशीत वाळवट जमीन आणि सारखा घोंघावणारा वारा! माझे माहेर माण तालुक्यातले. असला माळ मला कोणी ओळखून द्यावा लागत नाही.

हे गाव वसविले ऑलिव्हर तूसाँ जॅक्सन या कृष्णवर्णीय गृहस्थांनी. त्यांचा जन्म १८६२ सालचा, ओहायो राज्यातला. १८८७ साली ते कोलोरॅडोत आले, खाणावळीच्या धंद्यात नाव कमावले आणि पुढे राज्याच्या गव्हर्नरांच्या कचेरीत निरोप्याचे काम करू लागले. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र वाचून त्यांच्या मनाने घेतले की, आपल्या लोकांना स्वतःच्या मालकीची जमीन मिळाल्याखेरीज खरे स्वातंत्र्य नाही. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण शहरात त्या लोकांच्या वाट्याला येत ती बहुधा झाडलोटीची, स्वयंपाकाची आणि हमालीचीच कामे.

सरकारी पडीक जमीन कसणाऱ्याला ती मालकीने द्यावी, असा होमस्टेड कायदा अमेरिकेत १८६२ सालीच झाला होता. कुटुंबप्रमुखाला १६० एकर मिळत, आणि विशेष म्हणजे अविवाहित वा विधवा स्त्रीलाही आपल्या नावाने अर्ज करता येई. १९०९ साली कोरडवाहू मुलखासाठी ही मर्यादा ३२० एकर झाली. ही जमीन 'पडीक' कशी झाली तेही सांगितले पाहिजे. पूर्वी हा मुलूख अरापाहो आणि शायान या मूळच्या लोकांचा होता आणि त्यांना तेथून हुसकावण्यात आले होते. एकाने घर गमावले तेव्हा दुसऱ्याला अंगण मिळाले, असा हा इतिहास आहे.

१९१० साली जॅक्सन यांनी तेथे जमीन धरली. डेन्व्हरच्या डॉ. वेस्टब्रुक यांनी गावाला डिअरफील्ड, म्हणजे 'लाडके शेत', हे नाव सुचविले. ही शेते आपल्याला फार प्रिय होणार, हा त्यामागचा भाव.

पहिला हिवाळा मात्र परीक्षेचा गेला. सात कुटुंबे होती आणि लाकडी घरे दोनच. बाकीची मंडळी तंबूत नाहीतर टेकाड खणून केलेल्या खोपटांत राहिली. सरपण मिळेना म्हणून रानझुडपे आणि वाळलेले शेण जाळले. सहा घोड्यांपैकी तीन उपासाने मेले, आणि उरलेल्या तिघांना रिकामी गाडी ओढण्याचेही त्राण राहिले नाही. घरात पैसा यावा म्हणून पुरुष बाहेर मजुरीला जात, आणि मग नवे शेत, गुरे, कोंबड्या आणि मुलेबाळे सांभाळण्याचा भार बायकांवर पडे. जॅक्सन यांचे नाव फलकावर आहे; त्यांच्या पत्नी मिनर्व्हाबाई यांचेही पुस्तकांतून सापडते. बाकीच्या घरांतल्या बायकांबद्दल लिहिलेले फार थोडे.

तरी लोक टिकले. १९१५ पर्यंत सत्तावीस कुटुंबे आणि चव्वेचाळीस लाकडी घरे झाली. मका, ओट, जव, घेवडा, बटाटे, भोपळे, टरबुजे, लसूणघास अशी पिके निघू लागली. शाळा, दोन प्रार्थनामंदिरे, उपाहारगृह, पेट्रोलचा पंप आणि नाचगाण्याचा मांडव एवढे सारे उभे राहिले. सुटीच्या दिवशी डेन्व्हरहून लोक मौजेसाठी येत. भरभराटीच्या काळातली लोकसंख्या कोणी दोनतीनशे धरतात, तर कोणी सातशेपर्यंत नेतात. पहिल्या महायुद्धात धान्याला भाव चांगला आला, आणि पाऊसही त्या वर्षांत बरा होता.

मग हे गाव मोडले कशाने? भगिनींनो, उत्तर आपल्याला नवे नाही : पाण्याने. साउथ प्लॅट नदी तेथून फार लांब नाही. पण कोलोरॅडोचा कायदा असा, की ज्याने पाणी आधी उचलले त्याचा हक्क आधी. नदीकाठची ओलिताची जमीन आणि तिचे पाणी आधी आलेल्यांनी केव्हाच धरले होते. मागून येणाऱ्यांना वरचा कोरडा माळ तेवढा शिल्लक राहिला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. पुढे १९३० नंतरच्या दशकात सतत अवर्षण पडले, आणि नांगरलेली माती वाऱ्याबरोबर धुळीची वादळे होऊन उडून गेली. एकेक घर बंद झाले. कित्येक घरे लाकडासाठी उतरविली गेली. १९४० साली गावात अवघी बारा माणसे उरली. जॅक्सन यांनी गाव सावरण्याची खटपट शेवटपर्यंत सोडली नाही. १९४२ साली मिनर्व्हाबाई गेल्या आणि १९४८ साली तेही गेले. त्यांची पुतणी त्यांची शुश्रूषा करायला आली होती, ती पुढे १९७३ पर्यंत तेथे राहिली. त्या गावची ती शेवटची रहिवासी. १९९५ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गावाची नोंद झाली. अलीकडे विद्यापीठाचे अभ्यासक तेथे उत्खनन करून काचा, बशा आणि भांडी शोधून काढतात.

फलक वाचताना मला माझी आई आठवली. आमची अकरा एकर जिरायत जमीन होती. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखविला आणि आई सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिच्या हातांना फोड आलेले मी पाहिले आहेत. पुढे वडिलांनी जमीन विकली आणि आम्ही शहरात आलो. त्या विक्रीचा विषय घरात कधी निघत नसे. वडिलांना ती आपली नामुष्की वाटे, आणि आम्ही मुलेही मनात तेच धरून वाढलो, की बाबांना शेती जमली नाही. त्या ओसाड माळावर उभी असताना प्रथमच माझ्या ध्यानात आले की, मेहनतीत कसूर नसतानाही गाव मोडते, घर मोडते. पाऊस आणि पाण्याचा हक्क या दोन गोष्टी कष्टाने मिळत नाहीत. हे वडिलांना सांगायला हवे होते. आता ते नाहीत.

मुलीने सहज विचारले, "आई, आजी किती दिवस खडी फोडायला जात होती गं?" मला सांगता येईना. आईजवळ मी चाळीस वर्षे बसले. पापडाचे प्रमाण विचारले, व्रतांचे नियम विचारले, पण हे कधी विचारले नाही. परक्या देशातल्या त्या गावात किती घोडे मेले हे मला आता पाठ आहे, आणि माझ्या आईने दुष्काळात किती दिवस हातोडा उचलला हे ठाऊक नाही!

असो. आपल्या मंडळात ऐंशी ओलांडलेल्या काही भगिनी आहेत. कोणी धरणात गेलेल्या गावची, कोणी दुष्काळाने उठलेल्या वाडीची. हळदीकुंकवाला त्या येतात, ओटी घेतात आणि कोपऱ्यात बसून राहतात. यंदा त्यांच्याजवळ एकेकीने वही घेऊन बसावे, एवढीच माझी विनंती. शेताचे नाव काय होते, पाणी कोठून आणीत, घर कोणत्या साली सोडले, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. पुढल्या स्मरणिकेत पाककृतींची पाने चार कमी झाली तरी चालतील.