मूळ पाप, ईश्वरी कृपा आणि बाबासाहेबांचा आक्षेप

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्या तरुण कार्यकर्त्यांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, 'तिथे सगळे सारखे, म्हणून तो समतेचा धर्म.' दुसरे, 'मूळ पाप म्हणजे आपल्याकडच्या कर्मसिद्धांताचाच परदेशी भाऊ.' दोन्ही वाक्ये अर्धी खरी आहेत आणि अर्ध्या सत्यावर वाद जिंकता येत नाही. म्हणून हा सिद्धांत आला कुठून आणि बाबासाहेबांनी त्याला नेमके कुठे पकडले, हे आम्ही इथे मांडत आहोत.

आदामाने आज्ञा मोडली, त्याचे पाप साऱ्या मानवजातीला चिकटले, माणूस स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही, देवाची कृपाच त्याला तारते. हा सिद्धांत येशूच्या तोंडी या रूपात सापडत नाही. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचे बीज आहे. त्याला घट्ट आकार दिला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (354 ते 430) याने. गंमत अशी की ऑगस्टिनचे ग्रीक कच्चे होते. पौलाच्या मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ 'सर्वांनी पाप केले म्हणून' असा लागतो, तर ऑगस्टिनपुढच्या लॅटिन भाषांतरातून 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले' असा अर्थ निघाला. सिद्धांत केवळ या एका शब्दावर उभा नाही, पण त्याला मोठा टेकू तिथूनच मिळाला.

त्या काळातही विरोध झाला. ब्रिटनहून रोमला आलेला पेलाजियस म्हणे, देवाने माणसाला चांगले-वाईट निवडण्याची ताकद दिली आहे. आदामाचे पाप आदामाचे, तान्ह्या मुलाच्या माथी ते कशाला? 415 मध्ये पॅलेस्टाइनमधील धर्मसभेने त्याला निर्दोष ठरवले. पण 418 मध्ये सम्राट होनोरियसने पेलाजियसच्या पक्षाला रोममधून हद्दपार केले आणि त्याच वर्षी कार्थेजच्या सभेने त्यांची मते धिक्कारली. धर्मवादाचा निकाल लावताना सम्राटाचा हुकूम किती उपयोगी पडतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता गुलामगिरीकडे येऊ. 'देवाचे नगर' या ग्रंथात ऑगस्टिन म्हणतो की निसर्गतः कोणीही गुलाम नाही; गुलामी ही पापाची शिक्षा आहे. पहिला अर्धा भाग ऐकून बरे वाटते. दुसऱ्या भागाने मालक सुटतो, कारण शिक्षा देवाची ठरते आणि गुलामाने मनापासून सेवा करत राहावे, एवढेच उरते. हाच प्रकार अकराशे वर्षांनी जर्मनीत दिसला. 1525 मध्ये बंडखोर शेतकऱ्यांनी 12 मागण्या लिहिल्या. तिसरी मागणी अशी: ख्रिस्ताने आपले रक्त सांडून आम्हा सर्वांना सोडवले, मग आम्ही जमीनदारांचे बंदे का? कृपेच्या सिद्धांतातून काढलेला याहून सरळ निष्कर्ष कोणता असणार! पण ज्या मार्टिन ल्यूथरने 'केवळ कृपेने तारण' म्हणत पोपला हादरवले होते, त्यानेच उत्तर दिले की ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे असते, देहाचे नव्हे. पुढे त्याने बंडखोरांना कापून काढा, असेही राजेरजवाड्यांना लिहिले.

तरी मूळ पाप आणि कर्मविपाक एकच म्हणणे चूक आहे. कर्मविपाक माणसे वाटून टाकतो. ब्राह्मणाला पूर्वपुण्याचे बक्षीस, महाराला पूर्वपापाची सजा. मूळ पाप असे वाटत नाही. पोप आणि झाडूवाला त्यात सारखेच बुडालेले. 1831 पासून अहमदनगरला अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले आणि पुढे तिथले महार-मांग त्यात गेले. 'शास्त्रीबुवाही पापीच' हे वाक्य त्यांच्या कानांना किती गोड लागले असेल! ही समता खोटी नव्हती. पण ती पापातली समता होती, पाणवठ्यावरची नव्हती.

बाबासाहेब इथेच बोट ठेवतात. 1938 मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी विचारले होते की, तुमच्यात इतके शिकलेले लोक असून अन्यायाविरुद्ध लढा का नाही? धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते 1989 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात आले. त्यात त्यांनी याचे एक कारण थेट या सिद्धांतात शोधले आहे. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले, तुझे हाल तुझ्या पूर्वकर्माने. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले, हाल पूर्वजांच्या पापाने. माणूस पडतो तो भोवतालच्या वाईट समाजरचनेमुळे, ही गोष्ट दोन्हीकडे झाकली जाते. मेलेली गुरे ओढायला लावणारे गाव बाजूलाच राहते आणि ओढणारा गुडघे टेकून स्वतःचे पाप शोधत बसतो.

बाबासाहेबांनी ही कसोटी परक्या धर्मालाच लावली असती तर तो पक्षपात झाला असता. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धाच्या शिकवणीतूनही बाजूला काढली. बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे, असे ते सांगतात. कृपा हा शब्द आपल्या आज्यापणज्यांच्या ओळखीचा होता. पाटलाच्या दारात शिळी भाकर मिळत असे ती कृपेनेच. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी कोणाच्या कृपेने घेतले गेले नाही.

ख्रिस्ती झालेल्या आपल्या भावंडांनीही ही गाठ ओळखली. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. तिथून दलित ईश्वरशास्त्राची धारा वाढली. भारतीय ख्रिस्ती पंडित वेदान्ताच्या भाषेत येशू समजावत राहिले आणि चर्चमधले बहुसंख्य दलित त्यात कुठेच दिसले नाहीत, हा त्यांचा रोखठोक आरोप होता. या धारेत पापाचा अर्थच पालटला. आधी प्रश्न होता, 'मी कोणते पाप केले?' आता प्रश्न झाला, 'माझ्यावर कोणी केले?'

तो प्रश्न आज कोर्टातही आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये आपला, म्हणजे बौद्धांचा, समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात त्यांची मागणी उभी आहे, ती संविधानातील समतेच्या हक्काच्या आधाराने.