हायड्राचे दर्यावर्दी

ग्रीसमधील पिरेयसच्या बंदरातून सकाळच्या जलद बोटीने निघालेले दांपत्य दोन तासांच्या आत हायड्रा बेटावर उतरते, आणि जेथे खाजगी मोटारगाडीला आजही मज्जाव असून सामानसुमान खेचरांच्या पाठीवरून वर चढते, त्या बेटाच्या शांततेवर लुब्ध होऊन सायंकाळपर्यंत धक्क्यावरच रमते. आम्ही उभयताही तसेच रमलो. परंतु बंदराभोवतीचे ते गढीसारखे भक्कम दगडी वाडे पाहिल्यावर, या उजाड खडकावर एवढी संपत्ती आली कोठून, हा प्रश्न स्वस्थ बसू देईना.

ती समुद्राने दिली. मुख्य भूमीवरील धामधुमीतून आश्रयास आलेल्या, बहुतांशी अल्बेनियन बोली बोलणाऱ्या कुटुंबांना येथे शेती साधेना, म्हणून त्यांनी गलबते बांधली. उस्मानी सुलतानाने खंडणी आणि आपल्या आरमारासाठी खलाशी घेऊन अंतर्गत कारभार त्यांच्याच हाती ठेवला. रशिया आणि उस्मानी साम्राज्य यांच्यातील १७७४ च्या तहानंतर ग्रीक जहाजांना रशियन निशाणाचा आश्रय मिळाला, आणि पुढे नेपोलियनच्या युद्धकाळात ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी चुकवून धान्य पोहोचविणाऱ्या कप्तानांची घरे सोन्याने भरली. चाच्यांच्या भयाने त्यांच्या व्यापारी जहाजांवर तोफा होत्याच. पुढे त्याच कामी आल्या.

१८२१ मध्ये उस्मानी सत्तेविरुद्ध ग्रीसचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा हे धनिक कारभारी कचरत होते. ज्याला गमावण्यासारखे पुष्कळ असते त्याचे कचरणे समजू शकते. पण अँटोनिस इकोनोमू या कप्तानाने खलाशांना हाताशी धरून उठाव केला आणि बेटाला युद्धात उतरविले. त्याच वर्षाअखेर विरोधकांनी त्याचा खून करविला. हायड्राच्या स्वातंत्र्यकार्याचा पहिला मान, माझ्या मते, त्याचाच आहे. त्यानंतर मात्र धनिकांनीही हात आखडला नाही: लाझारोस कुंदुरिओतिसने आपली संपत्ती आरमारापायी रिती केली, आणि आंद्रेआस मियाऊलिसच्या आधिपत्याखाली स्फोटकांनी भरलेली पेटती गलबते शत्रूच्या जहाजांना भिडविण्यात आली.

स्वातंत्र्य मिळाले, पण व्यापार गेला. सिरोस बेटाचे बंदर पुढे आले, वाफेच्या जहाजांनी शिडांचा काळ संपविला, आणि ज्यांच्या पूर्वजांनी भूमध्यसमुद्र पालथा घातला होता, ते पुढे स्पंज काढण्यासाठी समुद्रतळाशी बुड्या मारू लागले. कुंदुरिओतिसचा वाडा आज राष्ट्रीय ऐतिहासिक संग्रहालयाची शाखा आहे. एका दिवसाच्या पाहुण्यांनी धक्क्यावरून उठून तेवढी चढण अवश्य चढावी.