परका कारागीर आणि मालकाचें कर्तव्य

कंत्राटदाराचा कारागीर दुसऱ्याच्या वास्तूंत जखमी झाला, तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचा निर्णय लंडनमधील साखरेच्या एका कारखान्याच्या निमित्तानें झाला. तेथें बसविलेलें वायुनियामक यंत्र तपासावयास आलेला एक गॅस-कारागीर, माल चढविण्याकरितां ठेवलेल्या, कठडा नसलेल्या विवरांतून खालीं कोसळला. तो कारखानदाराचा नोकर नव्हता, पाहुणाहि नव्हता. 'इंडरमॉर विरुद्ध डेम्स' या १८६६ च्या खटल्यांत न्यायमूर्ति विल्स यांनीं ठरविलें कीं, मालकाच्या कामासाठीं जो येतो त्याला, स्वतःस ठाऊक असलेल्या किंवा असावयास हव्या अशा असामान्य धोक्यापासून वांचविण्याची वाजवी काळजी मालकानें घेतलीच पाहिजे. मात्र येणाऱ्यानेंहि सावध असावें.

आश्चर्य हें कीं, १८३७ च्या 'प्रीस्टली विरुद्ध फाउलर' या निकालापासून रूढ झालेल्या तत्त्वानें, सोबत्याच्या चुकीनें जखमी झालेल्या घरच्या नोकराला मालकाविरुद्ध दाद मिळत नसे! इंग्लंडांत तें तत्त्व १९४८ सालीं रद्द झालें. हिंदुस्थानांत १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्यानें, मालकाच्या धंद्याचें काम करणाऱ्या कंत्राटी मजुरालाहि त्याच्याकडेच भरपाई मागण्याची वाट मोकळी करून दिली. परंतु भरपाईनें मोडलेलें हाड पूर्ववत् होत नाहीं. कठडा माणूस पडण्यापूर्वींच घालावयास हवा.