मजूरखात्यांतील बॅरिस्टर

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण ओलांडलें कीं अंबरनाथ लागतें. शिलाहारकालीन शिवमंदिरासाठीं या गांवाची ख्याति. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें आगपेट्यांचा कारखाना निघाला आणि भोंग्यावर उठणारें एक नवें अंबरनाथ वसूं लागलें. अशा बारमाही कारखान्यांत कामगाराचा आठवडा कायद्यानें ५४ तासांपर्यंत असे. १९४६ सालीं ही मर्यादा ४८ तासांवर आली. त्या वेळीं दिल्लीस मजूरखातें ज्यांच्याकडे होतें, ते डॉ. भीमराव आंबेडकर व्यवसायानें बॅरिस्टर होते.

लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ सालीं ते बॅरिस्टर झाले आणि पुढील वर्षीं मुंबईंत त्यांनीं वकिली आरंभिली. पदवी मोठी, पण अशील गरीब. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम सोंपवीनात. लहानसहान खटले आणि जोडीला अध्यापन यांवर संसार चाले. १९२६ मध्यें पुण्याच्या ‘देशाचे दुश्मन’ खटल्यांत जेधे, जवळकर प्रभृति आरोपींस त्यांनीं अपिलांत सोडविलें, तेव्हां कोठें या बॅरिस्टराचा बोलबाला झाला.

१९३६ मध्यें त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला. दोन वर्षांनीं मुंबई सरकारनें औद्योगिक कलहाचें विधेयक आणलें. तडजोडीची बोलणीं पुरी होण्यापूर्वीं संप केल्यास तो गुन्हा, असा त्याचा आशय. मुख्य मंत्री खेर सॉलिसिटर, गृहमंत्री मुनशी वकील, विरोधक बॅरिस्टर. कायदेपंडितांचाच सामना तो! आंबेडकरांचा युक्तिवाद असा कीं, संपाचा हक्क नाकारणें म्हणजे मजुरास वेठीस धरणें. सभागृहांत ते हरले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं त्यांनीं कम्युनिस्टांच्या साह्यानें मुंबईंत एक दिवसाचा संप घडवून आणला.

आणि हेच गृहस्थ जुलै १९४२ मध्यें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरमंत्री झाले! पुढच्याच महिन्यांत ‘छोडो भारत’चा ठराव होऊन राष्ट्रीय पुढारी तुरुंगांत गेले. ज्या सरकारांत ते बसले, त्यानें युद्धकालीन नियमांनीं संपावर बंधनें घातलीं होतीं. कोळशाच्या खाणींत स्त्रियांस भूमिगत कामाची मनाई होती. ती १९४३ मध्यें उठविण्यांत आली आणि विधिमंडळांत तिचें समर्थन करण्याची पाळी त्यांच्यावरच आली. या वकिलींत त्यांची बाजू लंगडी होती, असें म्हणणें भाग आहे. परंतु याच खुर्चीवरून त्यांनीं सरकार, मालक व मजूर यांच्या प्रतिनिधींस एका मेजाभोंवतीं बसविलें आणि कामाचे तास कमी करणारी दुरुस्ती कायद्याच्या पुस्तकांत नेली. अधिकारपद ज्या कामासाठीं घेतलें तें होतें कीं नाहीं, एवढाच त्यांचा हिशेब दिसतो.

तोच हिशेब त्यांनीं स्वतंत्र भारतांतही लावला. १९४७ मध्यें ते विधिमंत्री झाले. घटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपदही त्यांजकडे आलें. पण त्यांचा जीव अडकला होता हिंदु कोड बिलांत: मुलीस वारसा, स्त्रीस घटस्फोट, एकपत्नीत्व. सप्टेंबर १९५१ मध्यें चार कलमांपलीकडे विधेयक सरकेना. तें बाजूस ठेवलें जातांच त्यांनीं राजीनामा दिला. ऑक्टोबरांत निवेदन करावयास ते उभे राहिले, तों उपसभापतींनीं त्याची प्रत आधीं मागितली. आंबेडकर सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनीं वृत्तपत्रांकडे दिलें. त्या बिलाचे भाग पुढें १९५५ व १९५६ मध्यें निरनिराळे कायदे म्हणून संमत झाले; त्या वेळीं ते राज्यसभेचे एक साधे सभासद होते.