युट्रेख्टची टेकडी

आजचा विषय मला आईने दिला. गेल्या उन्हाळ्यात ती पुण्याहून इथे आली. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, इथली टेकडी कुठे आहे?" कोथरूडची बाई, वेताळ टेकडीवर फेरी झाल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. मी म्हणालो, "अगं आई, हा नेदरलँड्स आहे. इथे पुलावर चढलं तरी चढण झाली म्हणतात."

पण तिला घेऊन गेलो. जुन्या शहराभोवती एक खंदक आहे, त्याला इथे सिंगेल म्हणतात. त्याच्या काठाने सहा किलोमीटरच्या आसपास बाग आहे. दक्षिणेकडून चालत निघालो की वाट वळणं घेत हळूहळू वर जाते आणि आपण सोनेनबोर्ख नावाच्या उंचवट्याशी पोहोचतो. खाली पाणी, पाण्यावर झुकलेली मोठी झाडं, मागे शहराची सायकलींची गर्दी, पण आवाज जवळजवळ नाही. आई बाकावर बसली आणि म्हणाली, "छोटी आहे, पण टेकडीच आहे की!"

टेकडीच, पण माणसांनी रचलेली. 1122 साली युट्रेख्टला शहराचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर भोवती खंदक आणि तटबंदी उभी राहिली. पुढे तोफा आल्या. उंच पण पातळ भिंत तोफेपुढे टिकत नाही, म्हणून सम्राट पाचव्या चार्ल्सच्या काळात तटाला जाड, मातीने भरलेले बुरूज जोडले गेले. सोनेनबोर्ख हा त्यातलाच एक, 1552 सालचा. आपल्या गडकोटांची सवय असलेल्या माणसाला बुरूज म्हटलं की लगेच कळतं. म्हणजे आईच्या बाकाखालची माती तोफगोळे झेलण्यासाठी आणून टाकलेली होती.

एकोणिसाव्या शतकात या तटाचा लष्करी उपयोग संपला. देशाच्या बचावाची नवी रेषा शहराबाहेरच्या किल्ल्यांची आणि शेतं पाण्याखाली घालून शत्रूला अडवण्याची होती. शहर मात्र जुन्या भिंतीत कोंडलेलं. तेव्हाचे महापौर फान आस फान वाइक यांनी तट पाडायचं मनावर घेतलं आणि 1829 मध्ये यान डाव्हिड झोखर या बागकाराकडून आराखडा करून घेतला. ॲमस्टरडॅमचा प्रसिद्ध फोंडेलपार्क पुढे याच झोखर घराण्याच्या हातून झाला.

झोखरने एक शहाणपणा केला. त्याने सगळं सपाट केलं नाही. तटाच्या मातीचे चढउतार जागोजागी ठेवले, त्यांवरून वळणदार वाटा काढल्या आणि झाडं लावली. काम 1830 मध्ये सुरू झालं आणि तुकड्यातुकड्याने काही दशकं चाललं. मी एमबीए केलेला माणूस, मला लगेच जमिनीचा हिशोब सुचतो. शहराच्या ऐन मध्यात मोकळी झालेली एवढी जागा घरांसाठी विकली असती तर किती पैसे आले असते? काही भागांत घरं झालीही, पण मोठा पट्टा सर्वांसाठी राहिला.

सोनेनबोर्खच्या बुरुजावर 1853 मध्ये वेधशाळा उभी राहिली, ती बाउस बालोट यांच्या प्रयत्नाने. शाळेच्या भूगोलात आपण त्यांचा नियम शिकलो आहोत: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला असतो. याच गृहस्थांनी 1845 मध्ये रेल्वेगाडीवर तुतारीवादक चढवून, गाडी जवळ येताना आणि दूर जाताना सूर कसा बदलतो हे तपासलं होतं. डच हवामान संस्था 1854 मध्ये स्थापन झाली आणि 1897 पर्यंत तिचं घर हाच बुरूज होता. पुढे मिनार्ट आणि सहकाऱ्यांनी इथे सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचा नकाशा तयार केला, तो 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. आज तिथे संग्रहालय आहे आणि सामान्य लोकांना दुर्बिणीतून आकाश बघता येतं.

आता या गोष्टीतला बोचणारा भाग. 1958 मध्ये फॉइख्टिंगर या जर्मन वाहतूकतज्ज्ञाने सल्ला दिला की खंदक बुजवून त्यावर मोटारींसाठी वर्तुळाकार रस्ता करा. मीही सल्लागारच, त्यामुळे हे वाचताना जरा ओशाळलो. मोठा विरोध झाला. पूर्व आणि दक्षिणेकडचं पाणी आणि बाग वाचली. पण स्टेशनच्या बाजूचा काथराइनेसिंगेल 1970 च्या सुमारास आटवला गेला आणि पाण्याच्या जागी खोलगट मोटाररस्ता आला. सोनेनबोर्ख वाचला, कारण लोक वेळेवर बोलले.

स्टेशनच्या बाजूला मात्र चूक निस्तरायला दोन पिढ्या गेल्या. 2002 मध्ये नागरिकांनी सार्वमतात पाणी परत आणणारा आराखडा निवडला. रस्ता उखडून, खंदक पुन्हा खणून, वर्तुळ पूर्ण व्हायला 12 सप्टेंबर 2020 उजाडला. अठरा वर्षं!

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला अर्थातच वेताळ टेकडी आठवली. बालभारती ते पौड फाटा हा रस्ता तिथून काढायचा प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेत आहे. एप्रिल 2023 मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. वाहतुकीची कोंडी खरी आहे, हे कोथरूडच्या माणसाला सांगायला नको. 1958 मध्ये युट्रेख्टची कोंडीही खरीच होती.

फरक एकच. युट्रेख्टने पाणी गमावलं होतं. खंदक माणसाने खणलेला, म्हणून पैसे आणि चिकाटी असेल तर तो पुन्हा खणता आला. वेताळ टेकडीचा दगड लाव्हारसाचा, काही कोटी वर्षांपूर्वीचा. तो कापला तर कुठल्याही सार्वमताने परत येणार नाही.

आईचा मुक्काम सहा आठवडे होता. रोज सकाळी ती बुरुजावर जाऊन आली. निघताना विमानतळावर म्हणाली, "तुमच्या टेकडीवर जात जा रे, नुसता लॅपटॉप घेऊन बसू नकोस." मंडळी, तुम्हीही जाऊन या. पाणी परत आलेल्या बाजूनेही चाला, आणि पुण्याला फोन कराल तेव्हा तिकडच्या टेकडीची चौकशी करा.

पुन्हा भेटू. नमस्कार.