फुले, शिंदे, प्रज्ञा : नावाचं स्पेलिंग ठरवतं कोण?

(ताज्या भागाचं लिखित रूप)

आजचा प्रश्न घरोघरी बारशाच्या आधी येतो. नाव ठरलेलं असतं, पण स्पेलिंग ठरत नाही. कोणी म्हणतं एक ‘ए’ जास्त घाला, कोणी म्हणतं ‘डबल आय’ छान दिसतो, आणि आजी म्हणते, नाव मराठीत नीट लिहा म्हणजे झालं. तर आई-वडिलांनी मुलांना जगावेगळ्या स्पेलिंगचं नाव द्यावं का?

मी इतिहासाचा पदवीधर नाही, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण हा प्रश्न ऐकला की मला आधी एक उलटा प्रश्न पडतो. ‘जगावेगळं’ म्हणायला एक ठरलेलं स्पेलिंग असावं लागतं. मराठी नावाचं ठरलेलं इंग्रजी स्पेलिंग होतं तरी कधी?

सुरुवात १९ ऑक्टोबर १८८२ पासून करू. त्या दिवशी पुण्याहून जोतीराव फुले यांनी सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला एक निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्याच्या करातून उच्चवर्णीयांच्या कॉलेजवर खर्च करू नका, असं ठणकावून सांगणारं ते निवेदन. त्याखाली नाव आहे ‘जोतीराव गोविंदराव फुले’, पण कसं? जोती मध्ये ‘डबल ई’, आणि फुले म्हणजे पी-एच-ओ-ओ-एल-ई-वाय. आज कोणी आपल्या मुलाचं आडनाव असं लिहिलं तर आपण हसू. तेव्हा ते अगदी रीतसर होतं.

आता गंमत बघा. या आयोगाचा अध्यक्ष होता विल्यम विल्सन हंटर. भारतीय नावं रोमन लिपीत कशी लिहायची याची जी सरकारी पद्धत आजही चालते, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते : हंटेरियन. तिच्या हिशेबाने ‘ऊ’साठी डबल ओ नाही, ‘यू’ येतो. म्हणजे ज्याने स्पेलिंगचा नियम केला, त्याच्याच टेबलावर नियम मोडणारं नाव पोचलं. त्या नावामुळे निवेदनाचं वजन तसूभरही कमी झालं नाही.

त्याआधी काय होतं? कंपनीच्या काळात कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते कागदावर उतरलं. शिंद्यांचं झालं एस-सी-आय-एन-डी-आय-ए. गायकवाडांच्या शेवटी ‘डी’ ऐवजी ‘आर’ आला. मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट कागदोपत्री ‘जुगोनाथ सुंकरसेट’ झाले, कारण ‘अ’ दाखवायला इंग्रज ‘यू’ वापरत, जसा त्यांच्या ‘कट’ आणि ‘बट’ मध्ये असतो. १७८८ मध्ये विल्यम जोन्सने पौर्वात्य शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एक शिस्त मांडली, पण रोजच्या कारभारात डबल ओ आणि डबल ई टिकून राहिले. १८७० च्या दशकात हंटरची पद्धत सरकारने घेतली, तरी रुळलेल्या नावांना सूट दिली. म्हणून पूना पूनाच राहिलं.

कल्याणमध्ये वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तिथे त्यांचं आडनाव शेवटी डबल ई लावून लिहिलेलं आहे. मूळ नाव यमुना, लग्नानंतर आनंदी, आणि अमेरिकेत ‘जोशी’ डबल ई वाली. एका छोट्या आयुष्यात तीन बदल, आणि स्पेलिंगचा बदल त्यातला सगळ्यात किरकोळ.

आता आमच्या परिसराकडे येऊ. मी मिरा-भाईंदरचा. १८६० च्या दशकात रेल्वे इथली खाडी ओलांडून वसईकडे गेली. तेव्हापासून गावाच्या नावाची इतकी रूपं झाली आहेत की मोजणं सोडून दिलंय. इंग्रजीत शेवटी ‘डी-ए-आर’ की ‘डी-ई-आर’? मराठीत भाईंदर, भाइंदर की भायंदर? मिरा ऱ्हस्व की मीरा दीर्घ? दुकानांच्या पाट्या बघत स्टेशनपासून घरापर्यंत चालत या, सगळी रूपं भेटतील. म्हणजे ‘देवनागरीत तरी एकच रूप असतं’ हेही पूर्ण खरं नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत तर व्यक्तिनामांच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा असं स्पष्ट म्हटलंय, म्हणून आपण ‘हरी’ लिहितो, संस्कृतासारखं ‘हरि’ नाही. हे किती घरांत पाळलं जातं ते तुम्हीच बघा.

खाडीपलीकडे वसई. पोर्तुगीज तिला ‘बासाईं’ म्हणत, इंग्रजांनी ‘बॅसीन’ केलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पण पोर्तुगीज कानाने लिहिलेली नावं कोकणपट्टीत आणि गोव्यात राहिली. गोव्यात प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’, शेणैंचे ‘सिनाय’. आणि माझं आवडतं उदाहरण : देसाई. गोव्यातले बरेच देसाई आजही स्पेलिंगमध्ये डबल एस लावतात. आपल्याला वाटतं ही अंकशास्त्राची करामत. तसं नाही. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला एकटा एस ‘झ’ सारखा वाचला जातो, म्हणून ‘देझाई’ होऊ नये यासाठी दुसरा एस लावला. ते जास्तीचं अक्षर उच्चार वाचवायला आलं होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बरं, आपल्या स्वतःच्या म्हणून काही रीती आहेतच. ‘ज्ञ’ आपण डी-एन-वाय लिहितो, कारण आपण ‘द्न्य’ म्हणतो. उत्तरेत ‘ग्य’ म्हणतात, म्हणून तिकडे जी-वाय. ‘ऋ’ आपल्याकडे ‘रु’, तिकडे ‘रि’. म्हणून ऋतुराज गायकवाडच्या स्पेलिंगची सुरुवात आर-यू ने होते आणि मराठी अमृताच्या नावात ‘यू’ येतो. ‘व’चं तर विचारूच नका. अजित वाडेकर डब्ल्यूने, दिलीप वेंगसरकर व्हीने, दोघेही मुंबईचे, दोघेही भारताचे कर्णधार. भाईंदरसारख्या गावात, जिथे एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी घरं असतात, तिथे प्रज्ञाचं पुस्तकी मराठी स्पेलिंगसुद्धा शेजाऱ्याला जगावेगळंच वाटतं. हजेरी घेताना तिचं ‘प्रादनिया’ होतं. चूक तिच्या आई-बाबांची नाही आणि शिक्षिकेचीही नाही. दोन रीती एका वर्गात आल्या आहेत, इतकंच.

इथे एक नुकसान मात्र खरं आहे. स्पेलिंग परत देवनागरीत येतं तेव्हा नाव बदलून येतं. टिळकांमधला ‘ट’ आणि ‘ळ’ रोमन लिपीत दिसत नाहीत. हिंदीत ते ‘तिलक’ झाले. तेंडुलकर ‘तेंदुलकर’ झाला, गावसकर ‘गावस्कर’. ग्वाल्हेरचे शिंदे तर ‘सिंधिया’ होऊन परतले, आणि आता तेच वेगळं आडनाव वाटतं. काळे आणि काले यांचं इंग्रजी स्पेलिंग एकच. म्हणजे अगदी ‘सरळ’ स्पेलिंगसुद्धा आपलं नाव पूर्ण सांभाळत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सारख्या उच्चाराची नावं शोधायला कॉम्प्युटरच्या जगात एक जुनी युक्ती आहे, साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, बाकी व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे. मी कागदावर मराठी नावं घालून बघितली. शिंदे : एस-५३०. सिंधिया, त्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने : एस-५३०. तंतोतंत! फुले आणि डबल ओ वाले फुले, दोघेही पी-४००. वाटलं, वा, कंपनीच्या कारकुनांचा दोनशे वर्षांचा घोळ एका सूत्राने मिटला. मग वाघ घातला. डब्ल्यूने लिहिला तर डब्ल्यू-२००, व्हीने लिहिला तर व्ही-२००. पहिलंच अक्षर वेगळं, म्हणजे मशीनच्या लेखी दोन परके लोक. प्रज्ञा मराठी रीतीने पी-६३५, हिंदी रीतीने पी-६२०. पुन्हा दोन वेगळ्या बायका.

आणि इथेच १८८२ आणि आजच्यातला फरक आहे. फुल्यांचं निवेदन माणसं वाचत होती. आज नाव मशीन जुळवतं, आणि मशीनला ‘अहो, तोच माणूस आहे’ हे सांगता येत नाही. माझ्या बाबांचं नाव सहदेव. शाळेच्या दाखल्यावर शेवटी डी-ई-ओ, कारण त्यांच्या मास्तरांच्या पिढीत नामदेव, महादेव, जयदेव सगळे ‘देओ’च लिहिले जायचे. पॅन कार्डवर डी-ई-व्ही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काम करून ते निवृत्त झाले, आणि हक्काचे पैसे एका कार्यालयात सात महिने अडकले. त्या सात महिन्यांत आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात, मग पुन्हा रांग. बाबा म्हणाले, “माणूस एकच आहे रे, मी समोर उभा आहे.” समोर उभं राहणं पुरत नाही. आणि लक्षात घ्या, बाबांचं स्पेलिंग जगावेगळं नव्हतं. दोन्ही स्पेलिंगं आपापल्या काळात चारचौघांसारखी होती. त्रास झाला तो ती दोन होती म्हणून.

हे आता आणखी कडक होणार. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना वगैरे कामांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. आईचं नाव आलं हे उत्तमच झालं. पण म्हणजे आता चार शब्द, चार स्पेलिंगं, आणि ती आई-बाबांच्या आधारशी जुळायला हवीत. एक सोय माहीत असू द्या : जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येतं, एका वर्षात विनाशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे हॉस्पिटलच्या काउंटरवर घाईत स्पेलिंग ठरवायची गरज नाही.

आइसलँडमध्ये नावांसाठी सरकारी समिती आहे. नवं नाव त्यांच्या लेखनाच्या रीतीत बसतं का ते ती बघते. आपल्याकडे तसं काही नाही आणि नसावंच. ज्या राज्यात कारकुनाच्या कानाने पिढ्यान्‌पिढ्यांची नावं ठरवली, तिथे पुन्हा साहेबाला तो हक्क कशाला द्यायचा?

राहिला अंकशास्त्राचा मुद्दा. कोणाची श्रद्धा असेल तर मी वाद घालणार नाही. फक्त एवढं सांगतो, आपल्याकडे चालणारी अक्षरांच्या आकड्यांची एक लोकप्रिय पद्धत कीरो या नावाने प्रसिद्ध झालेल्या विल्यम जॉन वॉर्नर नावाच्या आयरिश माणसाने गाजवली, आणि ती इंग्रजी अक्षरं मोजते. तुमच्या मुलीला आजी ज्या नावाने हाक मारणार, त्या नावाला ती हातच लावत नाही.

तर माझं मत. नाव हवं तेवढं वेगळं ठेवा. स्पेलिंगसाठी देसायांचा डबल एस आठवा. जास्तीचं अक्षर घालायचं तर एकच प्रश्न विचारा : हे अक्षर उच्चार वाचवतंय का? अनोळखी माणसाने वाचल्यावर मूळ नावाच्या जवळ जाणारं स्पेलिंग असेल, तर ते कितीही नवीन असो, बिनधास्त ठेवा. अक्षराने उच्चार बिघडत असेल किंवा काहीच फरक पडत नसेल, तर ते ओझं आहे, आणि ते पन्नास वर्षं मूल उचलणार आहे. आधी देवनागरीत लिहा, तीन वेगळ्या भाषांच्या शेजाऱ्यांकडून इंग्रजी रूप वाचून घ्या, आणि मग एकदा ठरवलं की सगळीकडे तेच.

फुल्यांना डबल ओ चालला, कारण त्यांचं म्हणणं वाचायला समोर माणूस होता. आपल्या मुलांच्या नावापुढे आधी मशीन बसणार आहे. आपण एवढंच करू शकतो की त्या मशीनला एकच नाव सांगायचं, आणि माणसांना ते नीट उच्चारता येईल असं लिहायचं.

तुमच्या घरात एका आडनावाची किती स्पेलिंगं आहेत, जरा कपाटातले दाखले काढून बघा. भेटू पुढच्या भागात.