आयसी ८१४ : अपहरणाच्या कालक्रमाची चिकित्सा

मराठ्यांच्या इतिहासाची साधने हाताळणाऱ्या अभ्यासकास शुहूर, हिजरी व शालिवाहन या कालगणनांचा मेळ घालावा लागतो. अर्वाचीन घटनेच्या बाबतीत असा प्रसंग येणार नाही, अशी मात्र त्याची समजूत असते. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाच्या अपहरणाचे वृत्तांत ताडून पाहिले असता ही समजूत टिकत नाही.

हे विमान अमृतसर, लाहोर व दुबईजवळील अल मिनहाद येथे थांबून कंदाहारला पोहोचले. भारतीय प्रमाणवेळेच्या मानाने नेपाळचे घड्याळ १५ मिनिटे पुढे; पाकिस्तानचे ३० मिनिटे, अफगाणिस्तानचे १ तास व अमिरातीचे दीड तास मागे असते. त्यामुळे भारतात २५ तारीख लागल्यावरही दीड तास अमिरातीत २४ तारीखच चालू असते. या प्रकारची विसंगती केवळ गणिताची आहे. सर्व वेळा एका प्रमाणात आणल्या की ती नाहीशी होते.

दुसरी विसंगती अर्थाची आहे. अपहरणाची वेळ काही वृत्तांत सायंकाळी ४.५३ देतात, तर काही सुमारे ५.३०. नेपाळी घड्याळाच्या १५ मिनिटांनी हे अंतर भरून निघत नाही. उलट, पंतप्रधान वाजपेयी यांस दिल्लीच्या विमानतळावर उतरल्यावर सुमारे ५.२० वाजता वार्ता कळली, असे सांगितले जाते. हे खरे मानल्यास ५.३० ही प्रत्यक्ष घटनेची वेळ असू शकत नाही. ती फार तर वार्ता पसरल्याची वेळ ठरेल. घटना घडणे, ती कळविली जाणे आणि ती सर्वश्रुत होणे हे तीन भिन्न क्षण होत.

तिसरी विसंगती सर्वांत महत्त्वाची. विमान अमृतसरला ७.०१ च्या सुमारास उतरले व ७.४९ च्या सुमारास उडाले. ही ४८ मिनिटे कोणत्याही देशाच्या घड्याळाने तितकीच भरतात. वाद आहे तो त्यांच्या आतील क्रमाचा : विमान अडविण्याचा आदेश केव्हा निघाला, धावपट्टीवरील लोकांस तो केव्हा मिळाला, इंधनाचा टँकर कोणत्या हेतूने निघाला. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो पोहोचण्यापूर्वीच विमान गेले. ते रोखता आले असते काय, या प्रश्नाचे उत्तर या क्रमावर अवलंबून आहे.

येथे आठवणींचा आधार सावधपणे घ्यावा लागतो. वैमानिक देवी शरण यांचे पुस्तक २००० मध्ये, तर तत्कालीन परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह यांचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ३१ डिसेंबरला तीन कैद्यांच्या बदल्यात ओलिसांची सुटका झाली, हा शेवट दोघांसही लिहिताना ठाऊक होता. शेवट ठाऊक असला म्हणजे विलंब लांबतो किंवा आखडतो, आणि तोही लेखकाच्या नकळत.

म्हणून भिन्न वेळांची सरासरी काढून मध्यममार्ग स्वीकारणे ही चिकित्सा नव्हे. घटना, संदेश निघणे व संदेश पोहोचणे यांचे तीन स्वतंत्र रकाने करून प्रत्येक नोंद तिच्या रकान्यात घालावी. असे केल्यावर जो रकाना रिकामा राहील, तेथेच जबाबदारीचा प्रश्न उभा असतो.